“सगळं आतमध्ये आहे साहेब”: बूमच्या दोऱ्यांच्या नावाने लागलेला 36 हजारांचा चुना

मुंबईत शिडाची बोट बाळगणारे तसे मोजकेच, त्यात माझ्यासारखे पगारातून जुनी बोट चालवणारे अजूनच कमी, तरी जे कोणी आहेत त्यांनी हे वाचा. ज्या रिगरने (शिडं-दोर बसवणाऱ्या कारागिराने) फसवलं त्याचं नाव घेत नाही, पण पद्धत सांगतो.

मी, माझा मेव्हणा आणि कॉलेजचा एक मित्र अशी तिघांत मिळून एक 26 फुटी सेकंडहँड बोट आहे. तिच्या दोन्ही रीफच्या दोऱ्या (जोराच्या वाऱ्यात शीड कमी करायच्या) आणि आउटहॉल (शिडाचा खालचा मागचा कोपरा मागे ताणणारा दोर) बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या पोकळ आडव्या दांड्याच्या, पोटातून जातात आणि पुढे गूजनेकपाशी, म्हणजे बूम डोलकाठीला जोडतात त्या सांध्यापाशी, बाहेर येतात. म्हणजे वारा चढला की मेनसेल (मुख्य शीड) कमी करायला एकाने हलत्या डेकवरून डोलकाठीपाशी जायचं, एका हाताने बोट धरायची आणि एका हाताने दोर ओढायचा. म्हटलं दोर जुने झालेच आहेत तर बदलताना रूटही बदलू, डोलकाठीच्या बुडाशी कप्प्या लावून सगळं मागे कॉकपिटमध्ये (बोट चालवायला बसतो त्या जागेत) जॅमरवर (दोर पकडून ठेवणाऱ्या चापावर) आणू.

पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना एका रिगरला काम दिलं. 36 हजार ठरले. त्यात तीन नवे दोर, 8 एमएमचे, आत डायनीमा (हलका, मजबूत कृत्रिम धागा) कोअर, म्हणजे दोराचा गाभा, शिवाय बूमचं मागचं एंड कॅप (टोकाचं झाकण) उघडून कप्प्या साफ करणं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला 18 टक्के वरून पडतील साहेब, आणि आम्हीही अगदी शहाण्यासारखी मान डोलावली. काम चालू असताना तिघांपैकी एकही फिरकला नाही, कोणाचं ऑफिस, कोणाची लेकीची परीक्षा. शेवटच्या दिवशी गेलो तर कॉकपिटमध्ये तीन कोरे करकरीत दोर, त्याने एकेक हातभर ओढून दाखवला, चालतंय म्हणाला, बाकी सगळं आतमध्ये आहे साहेब. उरलेले पैसे दिले.

ऑक्टोबरनंतर बोट पाण्यात गेली. आउटहॉल भयंकर जड लागायला लागला, फोन केला तर म्हणे नवीन दोर आहे, सेट होईल. आम्ही ऐकलं. थंडीत इथे वारा बेताचाच असतो त्यामुळे रीफ घ्यायची वेळच आली नाही. ती आली मार्चमध्ये, मांडव्याहून परत येताना. दुपारचा खारा वारा वायव्येचा, म्हणजे परतीला नेमका तोंडावर, आणि 20 नॉट्सच्या पुढे गेलेला. मी कॉकपिटमधूनच ऐटीत पहिला रीफ ओढायला घेतला, दोन मीटर दोर आला आणि खट्कन अडकला. विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) घेतला तरी हलेना, उलटा सोडला तर मागेही जाईना. शिडाचा मागचा कोपरा अर्ध्यात लोंबकळतोय, शीड फडफडतंय आणि बूम थाडथाड हलतंय. मेव्हणा ओरडला, दाजी, मेन पूर्ण खाली घ्या! घेतलं कसंबसं, आणि इंजिनवर रडतखडत मुरिंगला (बोट बांधायच्या जागी) आलो.

पुढच्या रविवारी बूम काढून घरच्या गच्चीवर नेलं. मागच्या एंड कॅपचे स्क्रू बघितले तर डोक्यांवर ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी जशीच्या तशी, कोणी स्क्रूड्रायव्हर लावल्याची खूणसुद्धा नाही. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये खाऱ्या हवेत असे चिकटतात की आम्हाला दोन दिवस लागले आणि एकाचं डोकं तुटलं ते वेगळंच, त्यामुळे त्याने ते उघडलेच नाहीत हे शंभर टक्के.

आत काय निघालं? रीफचा दोर आमचाच, जुना! धुवून उलटा फिरवलेला, म्हणजे इतकी वर्षं बूमच्या आत सावलीत राहिलेला चांगला भाग शिडाकडे बाहेर आणि उन्हाने पिसारलेला भाग आत. उलटवून पण लांबी कॉकपिटपर्यंत पुरत नव्हती, म्हणून पुढे नव्या दोराचा तुकडा जोडलेला, टोकाला टोक लावून जाड दोऱ्याने शिवलेला, वरून काळी टेप. तो सांधा बोटाएवढा जाड, गूजनेकच्या कप्पीत शिरला आणि तिथेच बसला. दुसऱ्या रीफचं तेच, वर तो आउटहॉलला दोन वेढे घालून गेलेला. आणि आउटहॉलला आत चारपट जोराचा कप्प्यांचा संच होता तो गायब, सरळ एकेरी दोर! जड लागणारच.

नव्या तुकड्याचं टोक उसवून आतला कोअर बादलीत टाकला, तो सरळ तळाशी गेला. डायनीमा पाण्यावर तरंगतो, पॉलिस्टर बुडतं. (पॉलिप्रॉपिलीनही तरंगतं, म्हणून तरंगला म्हणजे डायनीमाच असं नाही, पण बुडला तर नक्कीच नाही. वरची जाळी दोन्ही प्रकारच्या दोरांत बहुधा पॉलिस्टरचीच असते, ती टाकून फसू नका.)

रिगर फोनवर म्हणाला, आत कसा झिजला मला काय माहीत, मी तर नवीनच टाकलेला. शिवणीचा फोटो पाठवला. ब्ल्यू टिक आली, त्यानंतर फोन बंद.

मग आम्हीच केलं. तीन रंगांच्या बारीक दोऱ्या मेसेंजर म्हणून (ज्यांना बांधून खरे दोर आत ओढायचे) घातल्या, बूमच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस, आउटहॉल मधोमध आणि रीफ दोन बाजूंना, आत टॉर्च मारून बघायचं. एक दोर मागेपुढे ओढला की बाकीचे दोन अजिबात हलले नाही पाहिजेत, हलले तर आत पीळ आहे, परत काढा. कोणाला हे काम बाहेर द्यायचंच असेल तर जुने दोर पूर्ण लांबीचे परत मागा, आणि शेवटचे पैसे मेनसेल वर चढवून दोन्ही रीफ शेवटपर्यंत घेऊन बघितल्यावरच द्या. हातभर ओढून काहीच कळत नाही.

आउटहॉलच्या कप्प्या अजून घेतलेल्या नाहीत, फार महाग आहेत, या सीझनला जडच ओढतोय. तो शिवलेला सांधा मात्र कापून ठेवलाय, बायको दर दिवाळीला फेकायला काढते आणि मी परत आत ठेवतो.