बेडरूममधला कॉम्प्युटर, हॉलमधला टीव्ही आणि मधली लॅनची वायर

निकाल आधीच सांगते, कारण मला स्वतःला रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा येतो. एचडीएमआय एक्स्टेंडर, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र आणि आवाज लॅनच्या (नेटवर्कच्या) वायरीतून लांबच्या टीव्हीपर्यंत नेणारे दोन डबे, ही वस्तू पैसे वसूल आहे. फक्त डब्यांवर खर्च करून वायरवर कंजुषी करू नका आणि वायरमनच्या हातावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझा एक अख्खा शनिवार याच दोन गोष्टींत गेला.

आता भानगड काय होती ते. सासऱ्यांकडे, म्हणजे नानांकडे, नाटकं आणि कीर्तनांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी मिळून दीडशेच्या वर डिस्का आहेत. हॉलमधला डीव्हीडी प्लेअर दिवाळीत गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, याची लेन्स आता मिळत नाही. घरात डिस्क चालणारी जागा एकच उरली, बेडरूममधला माझा डेस्कटॉप. माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्याला बाहेरचं काही जोडायची बंदी. काही डिस्का पेनड्राइव्हवर उतरवून टीव्हीला लावून पाहिल्या, तर कुठे ‘फॉरमॅट चालत नाही’, कुठे चित्र आहे आणि आवाज नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेअर मात्र सगळं निमूट वाजवतो. पण नानांच्या गुडघ्यांना माझी ऑफिसची खुर्ची सोसत नाही, त्यांना हॉलमधला दिवाणच लागतो. म्हणून कॉम्प्युटर होता तिथेच ठेवून त्याचं चित्र हॉलमध्ये न्यायचं ठरलं.

आधी फुकटातला उपाय. डेस्कटॉपला वायफायची छोटी डाँगल लावली, विंडोजचं बटण आणि के एकत्र दाबलं, यादीत टीव्हीचं नाव आलं. दोन मिनिटांत चित्र हॉलमध्ये! मी खूश. या पद्धतीत कॉम्प्युटर थेट टीव्हीशी बोलतो, राउटर मध्ये नसतो, त्यामुळे राउटर कुठेही हलवा, फरक पडत नाही. पण आमच्याकडे कॉम्प्युटर आणि टीव्हीच्या मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. बुवांनी आख्यानात जरा सूर चढवला की नेमकं चित्राचं भरीत व्हायचं. दहा-पंधरा मिनिटांनी जोडणी तुटायची आणि मी पदराला हात पुसत बेडरूमकडे धावायची. एकाच खोलीत असाल तर हे पुरेल. आम्हाला नाही पुरलं.

मग तापकीर गल्ली. पुण्यात विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असेल तर आमच्याकडे दुसरा पत्ता कुणी सांगत नाही. पहिल्या दुकानदाराने कॉम्प्युटर थेट टीव्हीला जोडणारी १५ मीटरची तांब्याची एचडीएमआय केबल दिली. घरी जमिनीवर पसरून लावली, तर चित्रात पांढरे ठिपके चमकायचे आणि मधूनच सेकंदभर अंधार. एचडीएमआय मुळात शेजारच्या उपकरणासाठी आहे. पाच मीटरपर्यंत सहसा काही कटकट नसते, दहाच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा नाही. शिवाय तिचं डोकं एवढं मोठं की भिंतीतल्या पाइपातून जाणं शक्यच नव्हतं. दुकानदाराने कुरकुर न करता परत घेतली, हे त्याचं चांगलं. ऑप्टिकल एचडीएमआय दाखवली, ₹४,२०० सांगितले. लांब अंतराला ती उत्तम, पण डोकं तिलाही आहेच, आणि आमच्या जुन्या पाइपाच्या वळणांतून काचेचा तंतू ओढायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी घेतला तो एक्स्टेंडर. पत्त्यांच्या कॅटाएवढे दोन काळे पत्र्याचे डबे (हा पत्त्यांचा कॅट, लॅनच्या वायरीची जात असलेली कॅट ६ पुढे येतेय). एकावर ‘टीएक्स’, तो कॉम्प्युटरकडे. दुसऱ्यावर ‘आरएक्स’, तो टीव्हीकडे. दोघांना छोट्या एचडीएमआय केबली, दोघांना ५ व्होल्टचा अडॅप्टर आणि मध्ये लॅनची एकच वायर. किंमत ₹२,३५०. खोक्यावर ६० मीटर आणि १०८०पी (म्हणजे फुल एचडी चित्र) लिहिलंय. ‘फोर-केवाला घ्या की’ असं दुकानदार तीनदा म्हणाला. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं हो! फोर-के घेऊन त्यात नटाच्या मिशीचे केस वाढणार आहेत का?

वायर मात्र चांगली घ्या. कॅट ६ म्हणून गल्लीत दोन प्रकार मिळतात: पूर्ण तांब्याची, आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. दोन्ही बाहेरून सारख्याच. दुकानात ब्लेड मागा आणि आतली तार खरवडा. पांढरट निघाली की परत द्या. मी तांब्याची २० मीटर घेतली, ₹२८ मीटरने.

पाइपाचा प्रश्न वायरमनने छान सोडवला, त्याचे पूर्ण मार्क. लाइटच्या पाइपातून ही वायर घालायची नाही, हे त्याने मी न सांगताच म्हटलं. बिल्डरने हॉल आणि बेडरूममध्ये केबलचे पॉइंट दिलेत, त्यांच्यामधून केबलवाल्याची जुनी काळी वायर गेलेली होती. तिच्याच शेपटाला लॅनची वायर चिकटपट्टीने गुंडाळली, तिकडून मी काळी वायर ओढली, इकडून तो नवी सोडत गेला. एका वळणावर अडकली, थोडी मागे घेतली, टाल्कम पावडर लावली आणि सुळकन निघाली. मोजली तर १४ मीटर. मजुरी ₹५००.

पण मग क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकांना जॅक दाबून बसवणं. त्याने आठ तारा रंगांच्या जोडीने ओळीत बसवल्या: नारिंगी जोडी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्हीकडे तसंच. टेस्टर लावला, १ ते ८ दिवे ओळीने पेटले. तो निघून गेला आणि टीव्हीवर चित्र आलं, दोन मिनिटं टिकलं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. फोन केला तर, “ताई, दिवे तर सगळे लागले ना? मग डब्बाच खराब आहे.” मीही डबा परत करायला निघाले होते. खोक्यात टाकताना त्याच्याबरोबर आलेली चिठ्ठी उलगडली, तर तिच्यावर रंगांचा क्रम छापलेला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

म्हणजे हिरवी जोडी फोडून तिच्या पोटात निळी बसवायची. विचित्र वाटतं, पण कारण आहे. या तारा आत दोन-दोनच्या वेणीत पिळलेल्या असतात आणि त्या पिळामुळेच बाहेरची खरखर मारली जाते. जॅकमध्ये ३ आणि ६ नंबर ही एक जोडी धरतात, ४ आणि ५ ही दुसरी. वायरमनच्या पद्धतीत ३ नंबरला हिरव्या वेणीतली तार आली आणि ६ नंबरला निळ्या वेणीतली. संसार एकीशी, नांदायला दुसरीकडे. टेस्टर फक्त तार या टोकाची त्या टोकाला पोचली का एवढंच बघतो, पिळाचं त्याला काही कळत नाही. शेजारच्यांकडून क्रिंपिंगची पकड आणली, दोन जॅक वाया घालवले, तिसऱ्या-चौथ्याला जमलं. तेव्हापासून एकदाही चित्र गेलेलं नाही.

आणखी एक. या जातीचे डबे लॅनची वायर वापरत असले तरी हे नेटवर्क नव्हे. वायर एका डब्यातून थेट दुसऱ्यात, मध्ये राउटर किंवा स्विच घालायचा नाही.

तक्रारी आहेत. लाइट जाऊन आली की कधीकधी चित्र येत नाही, हॉलमधल्या डब्याची पिन काढून घालावी लागते. डबे बऱ्यापैकी तापतात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका. त्यावरचा निळा दिवा रात्री हॉलभर पडायचा. आईंनी त्यावर स्वतःची टिकली चिकटवली आणि विषय संपवला. रिमोटसाठी म्हणून दिलेल्या दोन बारीक वायरी सेटटॉप बॉक्सला उपयोगी, कॉम्प्युटरला नाहीत. मी मोबाइलवर केडीई कनेक्ट हे ॲप टाकलंय, फोनच माउस होतो. नानांनी थांबवा-चालवा तेवढं शिकून घेतलंय.

विंडोजमध्ये टीव्ही ‘एक्स्टेंड’ करून (म्हणजे वेगळा दुसरा पडदा म्हणून) जोडा, ‘डुप्लिकेट’ (दोन्हीकडे तेच चित्र) नको, नाहीतर माझ्याकडे झाली तशी मॉनिटरवरची अक्षरं पसरट होतील. एखादी विंडो हॉलमध्ये जाऊन बसली तर विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबून परत बोलवता येते. आणि आवाज कुठे जातोय ते दर वेळी बघा. टीव्ही जोडला की विंडोज परस्पर आवाज तिकडे पाठवतो. एका गुरुवारी मी कॉम्प्युटरवर ऑफिसची मीटिंग लावली, आवाज येईना म्हणून मी ‘हॅलो, हॅलो’ करतेय, आणि हॉलमध्ये आईंच्या भिशीच्या बारा बायका आमच्या साहेबांच्या तोंडून थकलेल्या येण्यांची यादी ऐकतायत. त्यातल्या एकीने नंतर मला दारात गाठून विचारलं, “अगं, त्या नाशिकच्या पार्टीने दिले का शेवटी पैसे?”

नाना खूश आहेत. एका नाटकाच्या दोन-तीन व्हीसीडी असतात, त्यामुळे डिस्क बदलायला अजूनही मला बेडरूमपर्यंत जावं लागतं. त्याला ते मध्यंतर म्हणतात आणि येताना चहा आणायला सांगतात.