बिलावरची तीन अक्षरं

नवऱ्याच्या नोकरीमुळे 2017 साली आम्ही हाँगकाँगला होतो. हॉलिवूड रोडवर जुन्या वस्तूंची दुकानं ओळीने आहेत आणि शनिवारी तिथे नुसतं हिंडायचा मला नाद लागला होता. त्याच भागात, आतल्या गल्लीतल्या एका दुकानात मला 18,000 हाँगकाँग डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण दीड लाखाची, टोपी घातली गेली.

फुलदाणी हातभर उंच. पांढऱ्यावर निळे डोंगर, नदी, होडीत एकटा म्हातारा. दुकानदाराने ती अलगद उलटी करून बूड दाखवलं. दोन निळ्या वर्तुळांत सहा चिनी अक्षरं. "कांगशी," एवढंच म्हणाला आणि कॅल्क्युलेटरवर 30,000 दाबले. कांगशी सम्राटाची कारकीर्द 1662 ते 1722, हे मी वाचलं होतं. म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराची वस्तू आपल्या हातात! अंगावर काटा आला हो. बुडाच्या बिनझिलईच्या कडेत तपकिरी मळ मुरलेला, झिलईही जरा मंदावलेली. आणखी काय हवं? घासाघीस करून 18,000 वर आणलं, याचाच मला अभिमान. बिल चिनीत होतं, मी घडी घालून पर्समध्ये टाकलं.

महिन्याभराने नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एक चिनी बाई जेवायला आल्या. त्यांचे वडील जुनी भांडी जमवत. फुलदाणीकडे ओझरतं बघून त्यांनी आधी बिलच मागितलं आणि तीन अक्षरांवर बोट ठेवलं. 'कांगशी क्वान'. क्वान म्हणजे बुडावरची खूण. बिल एवढंच सांगत होतं, की फुलदाणीवर कांगशीच्या नावाची खूण आहे. ती त्या काळातली आहे, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिलावाच्या इंग्रजी कॅटलॉगमध्येही हेच असतं: 'मार्क अँड पिरियड' म्हणजे खूणही त्या काळची आणि वस्तूही, 'पिरियड' गाळलेला दिसला, की सावध व्हायचं. दुकानदाराने तोंडीही "जुनी आहे" असं एकदासुद्धा म्हटलं नव्हतं. ते मीच मनातल्या मनात म्हणत होते.

मग बाईंनी ओला कापूस मागितला. बुडाच्या कडेवरून दोनदा फिरवला, तर कापूस चहात बुडवल्यासारखा तपकिरी आणि खालची माती खडूसारखी पांढरीफेक. भिंग आणलं. झिलईवरचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, पॉलिश पेपर मारल्यासारखे. वापरून वापरून पडलेले ओरखडे असे कवायत करत नाहीत. आमच्या सांगलीच्या लोणच्याच्या बरणीकडे नीट पाहिलं असतं, तरी मला हे कळलं असतं. झिलईची चमक घालवायला ॲसिड वापरतात, असंही त्या म्हणाल्या.

सगळ्यात जास्त झोंबलं ते पुढचं. ही भांडी जिथे घडत, त्या जिंगडेझेनमध्ये 1677 साली तिथल्या अधिकाऱ्याने कुंभारांना भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायला बंदी केली होती. भांडं फुटलं तर नावाचा अवमान नको, म्हणून. त्यामुळे कांगशीच्या काळातल्या कितीतरी अस्सल भांड्यांच्या बुडावर नुसती रिकामी दोन वर्तुळं असतात, नाहीतर दोनशे वर्षं आधीच्या चेंगह्वा सम्राटाचं नाव. मी मात्र ज्या सहा अक्षरांवर भाळले, ती कुणीही कालपरवा काढलेली असू शकतात.

घेणारच असाल, तर पैसे मोजायच्या आधी बिलावर काळ लिहून मागा आणि भाषा येणाऱ्याकडून तिथेच वाचून घ्या. भांडं जुनं असल्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राचीही फार भुरळ नको: जुन्या भांड्याचं फुटकं बूड नव्या अंगाला जोडतात आणि चाचणीसाठी मातीची चिमूट बुडातूनच काढली जाते.

मी बिल घेऊन दुकानात गेले. त्याने ते शांतपणे वाचलं, त्याच तीन अक्षरांवर बोट ठेवलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहा पिईपर्यंत त्याने कपाटातून दुसरी फुलदाणी काढून उलटी केली होती.