केबिनसाठी आखूड लिव्हर रायफल: रॉसी ९२ की मार्लिन १८९४?

आमची लाकडी केबिन उत्तर आयडाहोत आहे, कॅनडाच्या सीमेखालच्या डोंगरात. नोव्हेंबरनंतर शेवटचा रस्ता बर्फाखाली जातो, आणि तो मोकळा असला तरी बंदूक दुरुस्त करून देणारा माणूस गाठायला अख्खा दिवस लागतो. तिथे राहूनच माझं मत पक्कं झालं आहे. केबिनची रायफल निवडताना पहिला प्रश्न तिच्या ताकदीचा किंवा देखणेपणाचा नसतो. ती अडली, गंजली किंवा भिजली तर कंदिलाच्या उजेडात, स्वयंपाकाच्या टेबलावर तुम्हाला स्वतःला उघडता येईल का, हा असतो.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेताही येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही. चालू शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यासाठी वकिलाला विचारूनच पाऊल उचला. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. दुसरं म्हणजे 'आखूड' या शब्दालाही कायद्याची सीमा आहे. १९३४ च्या कायद्यानुसार रायफलची नळी १६ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी करायची, तर आधी एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी करून मंजुरी घ्यावी लागते. कॅनडात राहणाऱ्यांनी तर नळी कापायचा विचारच करू नये. कापून ४५७ मिलिमीटरखाली आणलेली रायफल तिथे थेट प्रतिबंधित ठरते. दुकानात १६ इंची नळीच्या रायफली तयार मिळतात, त्यातलीच घ्यावी.

आता तुलना. दोन्ही लिव्हर रायफली आहेत, म्हणजे चापाखालचा दांडा (लिव्हर) खाली-वर केला की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस नळीत जातं. रॉसी ९२ ब्राझीलमध्ये बनते. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या विंचेस्टर १८९२ ची ती नक्कल आहे. १६ इंची नळीची, .३५७ मॅग्नम काडतुसाची रॉसी पाच पौंडांच्या आसपास भरते. मार्लिन १८९४ तिच्यापेक्षा पौंडभर तरी जड असते आणि किमतीतही बरीच वर. पाणी आणायला किंवा सरपण गोळा करायला जाताना खांद्यावर काय आहे हे विसरायला लावते ती रॉसी. यंत्रणाही दणकट आहे. बोल्ट म्हणजे काडतुसामागचा सरकता ठोकळा; त्याच्या मागे दोन उभे खिळे वर सरकून त्याला घट्ट धरतात, म्हणून .४५४ कसूलसारखं जबर काडतूसही ती पेलते.

पण ती उघडायला बसा. मार्लिनचा लिव्हर एका स्क्रूवर फिरतो. लिव्हर अर्धा खाली करून तो स्क्रू काढला की लिव्हर निघतो, बोल्ट सरळ मागे ओढून घेता येतो, आणि आतल्या डाव्या भिंतीला टेकलेला, पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर हातात येतो. तेवढ्यात नळी मागच्या बाजूने आरपार दिसते. सळई मागून घालून साफ करायची आणि उलट क्रमाने जोडायची. इजेक्टर बोल्टच्या आधी बसवायला विसरायचं नाही. ९२ मध्ये बोल्ट बाहेर काढायचा तर दस्ता, घोडा, खिळे असं बरंच काही सोडवावं लागतं. जोडताना स्प्रिंगने ताणलेला इजेक्टर एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने पिन घालायची कसरत वेगळी. म्हणून बहुतेक जण ९२ ची नळी तोंडाकडूनच साफ करतात. सळई तोंडाशी घासत राहिली तर नेमबाजीवर परिणाम होतो. त्यापेक्षा मागून घालून पुढे ओढायचा दोरीचा ब्रश वापरा. तो खिशात मावतो आणि काहीही उघडावं लागत नाही.

दोन्ही बंदुकांना एक गोष्ट लागू आहे: घरातला साधा पेचकस लावू नका. त्याचं टोक निमुळतं असतं आणि स्क्रूची खाच सरळ भिंतींची असते, त्यामुळे पहिल्याच जोरात कडा फाटतात. बंदुकांसाठी मिळणारी समांतर टोकांची पाती घ्या. माझ्या पहिल्या रायफलच्या तीन स्क्रूंवर साध्या पेचकसाच्या खुणा आजही आहेत, आणि त्या पाहिल्या की वाईट वाटतं.

रॉसीचं खरं काम घरी आणल्यावर सुरू होतं. नव्या रॉसीत काडतूस भरायचं बाजूचं झाकण बहुधा इतकं ताठ असतं की दहा काडतुसं भरताना अंगठा सोलतो. ते झाकण म्हणजे स्प्रिंगचीच पट्टी असते. धारदार कडा बारीक दगडावर घासून गोल करायच्या आणि पट्टी अगदी थोडी पातळ करायची. घासायचं, बसवायचं, बघायचं. एकदम जास्त घासलं तर नवीन झाकण मागवावं लागेल. इजेक्टरची स्प्रिंगही गरजेपेक्षा कडक असते. त्यामुळे लिव्हर शेवटच्या इंचात अडखळतो आणि रिकामी पुंगळी दूर झुडपात जाऊन पडते. मऊ स्प्रिंग स्वस्तात मिळते आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. मॅगझिनमधला (नळीखाली काडतुसं राहतात ती दुसरी नळी) काडतुसं ढकलणारा प्लास्टिकचा फॉलोअर काढून स्टीलचा घातला की हिवाळ्यासाठी ती तयार. हे सगळं आपल्या हाताने करायचा आनंद मोठा आहे आणि त्यातून बंदूक कळतेही. घोडा आणि चाप यांचा जोड मात्र कानशीला लावू नये. तिथली चूक भरलेली बंदूक आपोआप सुटण्यापर्यंत जाते. ते काम जाणत्या गनस्मिथचंच.

मार्लिन निर्दोष आहे असं नाही. काडतूस उचलून नळीसमोर आणणाऱ्या पट्टीला कॅरियर म्हणतात. लिव्हरची तीक्ष्ण कड तिच्या खालच्या अंगाला वर्षानुवर्षं घासते आणि तिथे खाच पडते. मग वेळ चुकते, दुसरं काडतूस पट्टीखाली घुसतं आणि लिव्हर अर्ध्यावर अडकतो. अस्वल अंगणात असताना असं व्हावं अशी कुणाचीच इच्छा नसेल. उपाय मात्र जुना आणि खात्रीचा आहे: झिजलेली जागा वेल्डिंगने भरून घ्यायची आणि लिव्हरची कड गोल करायची. शिवाय मार्लिनच्या झाकणाचा छोटा स्क्रू ढिला होत राहतो. त्याला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) थेंब पुरतो.

नेमाच्या बाबतीत डोळ्यांचं वय विचारात घ्या. चाळिशी ओलांडल्यावर नळीवरची खाच धूसर दिसते; डोळ्याजवळचं गोल भोक आणि पुढे ठळक माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हीच सोय उत्तम. मार्लिन पुंगळी बाजूने फेकते, तिचा माथा सपाट आणि बंद असतो, त्यामुळे भोकवाली साइट किंवा छोटी दुर्बीण सरळ वर बसते. रॉसी पुंगळी वरून फेकते, म्हणून दुर्बीण वर बसत नाही. बरेच जण बोल्टवरचा सेफ्टीचा खटका काढून त्या जागी छोटी भोकवाली साइट लावतात. केबिनवर मुलं येतात, म्हणून मी तो खटका ठेवला आहे.

लिव्हरला चामड्याची पट्टी गुंडाळायची फॅशन आहे. दिसायला छान, पण केबिनसाठी नको. चामडं ओल धरतं, त्याखाली गंज चढतो, आणि घामाच्या मिठासाठी उंदीर ते कुरतडतात. हातमोज्यांसह बोटं मावतील असा लिव्हरचा मोठा लूप मात्र उपयोगी. थंडीतली दुसरी चूक म्हणजे गारठलेली रायफल थेट शेकोटीजवळ आणणं. तिच्यावर आतबाहेर दव धरतं, आणि पुन्हा बाहेर नेली की ते पाणी यंत्रणेत गोठतं. ती रिकामी करून, कुलूप लावून पडवीतच ठेवावी. जाड तेल पुसून काढावं. कडाक्याच्या थंडीत ते चिकट होतं आणि घोडा हळू पडतो.

काडतुसाबद्दल थोडक्यात: काळ्या अस्वलाच्या प्रदेशात .४४ मॅग्नम बरं, सरावासाठी आणि घरातल्या सगळ्यांसाठी .३५७, कारण तिच्यात .३८ स्पेशलही चालतं. आमच्या डोंगरात ग्रिझली अस्वलंही आहेत, म्हणून कमरेला अस्वलाचा स्प्रे आधी, रायफल नंतर. नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळी कधीही भरू नये. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे आघाताने काडतूस पेटवणाऱ्या टिकलीवर, टेकतं.

लिव्हर रायफलींतलं तिसरं नाव हेन्रीचं. या दोघींत काडतुसं काढायची तर एकेक चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाचं काडतुसाचं घर) फिरवावं लागतं. हेन्रीच्या मॅगझिनमधली आतली नळी ओढली की ती ओतून घेता येतात, चेंबर मात्र शेवटी बघायचाच. लहान मुलं सतत असतील तर हा फायदा बाकी सगळ्यावर मात करतो.

पैसे मोजके असतील, बंदूक हलकी हवी असेल आणि हिवाळ्यात दगड-पॉलिश पेपर घेऊन बसायची आवड असेल तर रॉसी घ्या. तसं नसेल तर मार्लिन. जुनी मार्लिन घेताना नळीवर 'जेएम'चा छाप पाहा, तो मार्लिनच्या मूळ कारखान्यातला, रेमिंग्टनने कंपनी घेऊन उत्पादन दुसरीकडे हलवण्यापूर्वीचा. २०२० मध्ये ती रूगरकडे गेली. त्यांच्या बंदुकांचा क्रमांक 'आरएम'ने सुरू होतो. छाप कुठलाही असो, दुकानदाराला बंदूक रिकामी असल्याचं दाखवायला सांगा, लिव्हर उघडा, आणि बॅटरीच्या उजेडात कॅरियरचं खालचं अंग बघा. तिथे नखाला लागेल अशी खाच असेल, तर दुरुस्तीचा खर्च वजा करूनच किंमत ठरवा.