इयागोला कुठली पट्टी लावावी: डीएसएम की आयसीडी?

खलनायकाच्या वागण्याला व्यक्तिमत्त्व विकाराचे निकष लावून बघायचं मनात आलं, की लगेच अडतं ते पट्टी कुठली घ्यायची इथे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची निदानाची पुस्तिका डीएसएम-५, की जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची वर्गवारी आयसीडी-११? मी दोन्ही एकाच पात्रावर चालवून बघितल्यात. पात्र शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधला इयागो, सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरून त्याचा घात करणारा त्याच्याच हाताखालचा माणूस. देवलांच्या 'झुंझारराव'मुळे ही गोष्ट मराठी रंगभूमीला १८९० पासून ठाऊक आहे, तेव्हा कथानक सांगत बसत नाही.

निमित्त साधं होतं. आमच्या हौशी मंडळानं 'ऑथेल्लो'चे निवडक प्रवेश बसवायला घेतले आणि इयागो करणाऱ्या मुलासाठी पात्राचं टिपण काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

डीएसएम पटकन हाताला लागते, हे मान्य करायलाच हवं. अँटिसोशल, म्हणजे समाजविघातक, व्यक्तिमत्त्वाचे सात निकष, त्यातले तीन जुळले की पुरे. खोटेपणा, कायदा धाब्यावर बसवणं, पश्चात्तापाचा लवलेश नसणं. एका चहात आकडा पुरा झाला. नार्सिसिस्टिक, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात असलेल्या, व्यक्तिमत्त्वाच्या नऊ निकषांनी मात्र मला छळलं. तिथे पाच लागतात. लेफ्टनंटपद मिळालेल्या कॅसिओबद्दलचा हेवा आहे, ते पद आपल्यालाच मिळायला हवं होतं ही हक्काची भावना आहे, भोळ्या श्रीमंत रोडेरिगोला पैशासाठी पिळणं आहे, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव शून्य. हे झाले चार. पाचवा कुठला? कौतुकाची भूक म्हणावी, तर हा गडी आपली सगळी कर्तबगारी अंधारात ठेवतो. स्वतःच्या मोठेपणाचा फुगा म्हणावा, तर आपली किंमत आपण जाणतो असं तो म्हणतो खरं, पण तेवढ्यावर फुगा म्हणायचं का? पहिल्या वाचनात मी पाच मोजले, दुसऱ्यात चार, आठ दिवसांनी पुन्हा पाच. मोजणाराच कच्चा असेल, नाही असं नाही.

तरी एवढ्यावरून मी डीएसएम बाजूला ठेवली नसती. खटकलं ते वेगळंच. अँटिसोशलचं निदान करायचं तर वर्तनदोषाची सुरुवात पंधराव्या वर्षाआधी झाल्याचा पुरावा लागतो. दवाखान्यात ही अट रास्तच आहे; तिथे आईवडील असतात, शाळा असते, जुने कागद असतात. इयागो स्वतःच्या तोंडानं आपलं वय अठ्ठावीस सांगतो आणि त्यामागे लढायांचा उल्लेख सोडला तर पाटी कोरी. मग मी काय केलं? लहानपण रचलं. बापाचा मार, मांजरींचा छळ, सगळं नेहमीचं सामान. तो मुलगाही बिचारा मनापासून तेच करायला लागला. ऑथेल्लोच्या बायकोचा रुमाल इयागोच्या हाती लागतो त्या प्रवेशात त्यानं इयागोच्या बायकोच्या, एमिलियाच्या हातातून रुमाल असा हिसकावला की वर्षानुवर्षांची जखम भळभळतेय. दिसायला जोरदार, पण इयागो गायब! चूक निकषांत नव्हती, माझ्या टिपणात होती; पण रिकामी जागा दिसली की ती भरायचा मोह त्या अटीनंच लावला.

मग आयसीडी-११ घेतली. ती नावाच्या पेट्यांपासून सुरुवात करत नाही. आधी विचारते, की माणसाचं स्वतःशी आणि इतरांशी असलेलं नातं किती बिघडलंय: सौम्य, मध्यम की तीव्र. त्यानंतर गुणविशेष. समाजविघातकता इयागोत ठासून भरलेली, आणि आवेग न आवरण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाही. ही दुसरी नोंद मला सोन्यासारखी वाटली. बिघाड दोनेक वर्षं तरी टिकलेला असावा अशी अपेक्षा इथेही आहे, आणि सायप्रसमधलं सगळं तर दोनेक दिवसांत उरकल्यासारखं वाटतं. पण संहितेत धागे आहेत. रोडेरिगोची थैली पहिल्याच प्रवेशात त्याच्या हातात खेळतेय. रुमाल चोरून आण म्हणून नवरा शंभरदा मागे लागलाय, असं एमिलिया सांगते. शंभरदा! हे वाचल्यावर त्या मुलानं प्रवेश बदलला. रुमाल घेतला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि 'तुला काय करायचंय?' हे बायकोकडे न बघता म्हणाला. तालमीत कोणीतरी हळूच 'बाप रे' म्हटलं.

आयसीडीचीही डोकेदुखी आहे. निष्कर्षाला रुबाब नाही. 'तीव्र, समाजविघातकता ठळक' असं लिहिलं की सरकारी शेरा वाटतो. शिवाय तीव्र म्हणावं की मध्यम, यावर मी अजून ठाम नाही. अख्खी छावणी ज्याला प्रामाणिक म्हणते, नोकरीत ज्याच्यावर ठपका नाही, त्याचं आयुष्य सगळ्याच अंगांनी बिघडलंय असं कसं म्हणायचं? झालेल्या हत्या बघून मी 'तीव्र'कडे झुकतो, इतकंच.

मनोविकृती (सायकोपथी) मोजणारी हेअर यांची वीस कलमांची, चाळीस गुणांची यादी घ्यावी का, असंही विचारलं जातं. तिला मुलाखत आणि जुन्या नोंदी लागतात, म्हणून मी नादी लागलो नाही. डीएसएम-५च्या मागच्या भागात गुणविशेषांची एक पर्यायी मांडणी आहे, ती आयसीडीच्या बरीच जवळ जाते. डीएसएमच हाताशी असेल तर ती बघा. आणि तुमच्या खलनायकाचं बालपण लेखकानंच लिहिलेलं असेल, तर नेहमीची यादीही छान चालेल. (शेजारच्या काकांवर मात्र यातलं काहीच चालवू नका.)

माझ्या टिपणात आता 'लहानपण' या शब्दापुढे नुसती रेघ आहे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्या मुलानं विचारलं, "मग शेवटी याला विचारतात, का केलंस, तेव्हा मी मनात काय धरू?" मी म्हटलं, "तो यापुढे बोलणार नाही म्हणतो ना? मग तूही मला सांगू नकोस."