इलिनॉयचे ५२९ खाते आणि स्टेट टॅक्समधील वजावट : पावणेदोन वर्षांचा अनुभव

दोन्ही मुलांच्या कॉलेजच्या खर्चासाठी आम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या ‘ब्राइट स्टार्ट’ या ५२९ योजनेत (शिक्षणासाठी पैसे साठवण्याची करसवलतीची योजना) खाती उघडली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि मुलगा चार वर्षांचा. त्यानंतर आमची दोन वर्षांची रिटर्न्स भरून झाली आहेत. खात्यातील गुंतवणुकीवर पुष्कळ लिहिले जाते. राज्याच्या आयकरात मिळणाऱ्या वजावटीबद्दल मात्र ‘थोडा टॅक्स वाचतो’ यापलीकडे फारसे कोणी सांगत नाही. आमच्या अनुभवाप्रमाणे ही वजावट आपोआप पदरात पडत नाही. ती मागून घ्यावी लागते आणि मिळाल्यावरही काही वर्षे जपावी लागते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

५२९ खात्यात भरलेल्या रकमेवर केंद्रीय आयकरात कोणतीही वजावट नाही. तेथे फायदा आहे तो वाढीवर : पैसे शिक्षणाच्या मान्य खर्चासाठी काढले, तर झालेल्या नफ्यावर कर लागत नाही. भरलेल्या रकमेवरची सवलत द्यायची की नाही, हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. इलिनॉयमध्ये राज्याच्या स्वतःच्या योजनेत पैसे भरल्यास एकट्याने रिटर्न भरणाऱ्याला वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत आणि पतिपत्नींनी एकत्र भरल्यास २०,००० डॉलरपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. येथे आयकराचा दर सर्वांना सरसकट ४.९५ टक्के असल्यामुळे हिशेब सोपा आहे : पूर्ण २०,००० भरणाऱ्या जोडप्याचे ९९० डॉलर वाचतात. ही मर्यादा करदात्याची आहे, मुलांच्या संख्येवर ती वाढत नाही, हे दोन मुलांची खाती उघडताना आम्हाला ठाऊक नव्हते.

आमची रक्कम तेवढी नव्हती. दोघांच्या खात्यांत मिळून दरमहा ६०० डॉलर आणि सुरुवातीला एकरकमी ५,००० असे २०२३ मध्ये ७,४०० डॉलर भरले गेले. त्यावर ३६६ डॉलर वाचायला हवे होते, पण त्या वर्षी ते वाचलेच नाहीत. आम्ही रिटर्न एका कर-सल्लागाराकडून भरून घेतले होते. त्यांनी आमच्याकडे आलेले सर्व फॉर्म मागितले आणि आम्ही ते दिले. अडचण अशी की पैसे भरल्याचा कोणताही कर-फॉर्म योजनेकडून येत नाही. १०९९-क्यू हा फॉर्म येतो तो पैसे काढल्यावर. त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. जून २०२४ मध्ये बायको जुने कागद फायलीत लावत असताना तिने इलिनॉयच्या रिटर्नमधील ‘इतर वजावटी’ची ओळ रिकामी पाहिली आणि रिटर्न माझ्यासमोर धरून, ‘अहो, यात मुलांचे पैसे कुठे आहेत?’ असे विचारले. मग ‘शेड्यूल एम’ हे इतर वजावटींचे पुरवणी पान भरून, वर्षभराचे स्टेटमेंट जोडून आम्ही आयएल-१०४०-एक्स हे दुरुस्त रिटर्न पाठवले. परतावा यायला काही महिने लागले, पण तो पूर्ण आला. तेव्हापासून जानेवारीतच डिसेंबरअखेरचे स्टेटमेंट छापून करांच्या फायलीत सर्वांत वर लावण्याची सवय आम्ही ठेवली आहे. सॉफ्टवेअरवर स्वतः रिटर्न भरणाऱ्यांनीही केंद्रीय भागात हा प्रश्न येईल, अशी वाट पाहू नये. तो राज्याच्या भागात असतो आणि घाईत सहज पुढे ढकलला जातो.

दुसरी अडचण तारखेची. आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात मागच्या वर्षाचे पैसे एप्रिलच्या मध्यापर्यंत भरता येतात, त्यामुळे येथेही तसेच असेल असा समज माझ्या ऑफिसातील दोन-तीन जणांचा होता. इलिनॉयसाठी ३१ डिसेंबर हीच शेवटची तारीख आहे. २०२४ मध्ये बोनसचे ३,००० डॉलर आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच भरले. त्या वर्षी एकूण १०,२०० डॉलर झाले आणि सुमारे ५०५ डॉलर वाचले.

मर्यादेपेक्षा जास्त भरलेली रक्कम पुढच्या वर्षी वजा करता येत नाही. व्हर्जिनिया आणि ओहायो या राज्यांत उरलेली रक्कम पुढे ओढता येते, इलिनॉयमध्ये येत नाही. त्यामुळे घर विकून किंवा शेअर मोडून एकदम ६०,००० डॉलर भरणाऱ्या जोडप्याला २०,००० वरच सवलत मिळते. तीच रक्कम तीन वर्षांत विभागून भरली तर ती पूर्ण मिळते. यात बाजारातील वाढीचा काळ हातचा जाऊ शकतो, हे खरे आहे. तरीही ज्यांचा पैसा एरवी बँकेतच पडून राहणार आहे, त्यांनी तो विभागून भरावा असे मला वाटते.

नातेवाइकांच्या पैशांबाबतचा नियम मला आवडला. वजावट पैसे भरणाऱ्याला मिळते, मग खाते त्याच्या नावावर नसले तरी चालते. माझा मेहुणा नेपरव्हिलला राहतो. त्याने भाचीच्या वाढदिवसाला तिच्या खात्यात ५०० डॉलर भरले आणि स्वतःच्या इलिनॉय रिटर्नमध्ये वजावट घेतली. नाशिकहून माझ्या वडिलांनी नातवंडांसाठी लाखभर रुपये पाठवले. त्यांना इलिनॉयचा कर भरायचा नाही, तेव्हा त्यांनी ती रक्कम आम्हाला भेट दिली आणि आम्ही ती आमच्या खात्यातून योजनेत टाकली. बाबांना फोनवर हे समजावले तेव्हा त्यांनी आधी विचारले, ‘पोरीचे नाव आहे ना त्यावर?’ लाभार्थी म्हणून तिचे नाव आहे, हे ऐकल्यावर त्यांचे समाधान झाले.

सवलत मिळाल्यानंतरची जबाबदारी त्याहून महत्त्वाची आहे. पैसे शिक्षणाबाहेरच्या कामासाठी काढले, तर नफ्यावर कर आणि केंद्राचा १० टक्के दंड तर लागतोच, शिवाय इलिनॉय पूर्वी दिलेली वजावट पुन्हा उत्पन्नात धरते. हेच दुसऱ्या राज्याच्या योजनेत पैसे हलवल्यावरही होते. खासगी शाळेच्या फीचा मुद्दा विशेष फसवा आहे : २०१८ पासून केंद्रीय कायदा बारावीपर्यंतच्या शाळेच्या फीसाठी पैसे काढू देतो, पण इलिनॉय तो खर्च मान्य धरत नाही.

इतर राज्यांतील मराठी मित्रांशी बोलताना फरक ठळकपणे जाणवतो. सीमेपलीकडच्या इंडियानात ७,५०० डॉलर भरले की २० टक्के म्हणजे १,५०० डॉलर थेट करातून कमी होतात; तेवढ्याच रकमेवर आमचे ३७१ वाचतात. पेनसिल्व्हेनिया कोणत्याही राज्याच्या योजनेवर वजावट देते. न्यू जर्सीत ती २०२२ पासून सुरू झाली, पण २,००,००० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मिळत नाही, आणि तेथील नोकरदार मराठी जोडप्यांपैकी बरीच या रेषेच्या वर आहेत. कॅलिफोर्नियात काहीच नाही, त्यामुळे तेथे राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने योजनेची फी आणि गुंतवणुकीचे पर्याय एवढेच पाहून दुसऱ्या राज्याची योजना घेतली. ते योग्यच केले.

मला स्वतःला यंदा डॅलसमध्ये नोकरीची संधी आली आहे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणजे तेथे गेल्यावर नवीन पैशांवर वजावटही नाही. आधी खाती बंद करून पैसे हलवावे लागतील की काय, अशी काळजी होती, पण राज्य सोडले तरी खाते जागेवर ठेवता येते. तेव्हा मुलांची खाती आहेत तशीच राहतील, आणि ऑगस्टमध्ये सामान हलवण्यापूर्वी या वर्षीची उरलेली रक्कम आम्ही इलिनॉयचे रहिवासी असतानाच भरून टाकणार आहोत.