गोंडवनाचं लाकडी कोडं: भूगोलाच्या वर्गात वापरून

विज्ञान प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून हे कोडं घेतलं, किंमत 850 रुपये. गोंडवन म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र असलेला दक्षिणेचा महाखंड; त्याचे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया असे सहा तुकडे. प्लायवूड जाड आहे, कडा छान घासल्यात. नववीच्या पोरांनी मनसोक्त हाताळूनही कुठे टवका उडालेला नाही.

तुकडे जुळवायला वेळ लागत नाही. खरं मोल आहे ते त्यांवर कोरलेल्या खुणांचं. मेसोसॉरस या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म फक्त ब्राझीलच्या आसपास आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात. जेमतेम मीटरभर लांबीचा हा प्राणी अख्खा अटलांटिक पोहून जाईल, हे पोरांनाही पटत नाही. ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाचं पान मात्र सगळीकडे. आमच्या चंद्रपूरच्या दगडी कोळशात हीच झाडं आहेत, आणि अंटार्क्टिकातही दक्षिण ध्रुवावर गेलेल्या स्कॉटच्या तुकडीला 1912 मध्ये ब्यर्डमोर हिमनदीजवळ त्यांचेच ठसे मिळाले होते.

सगळ्यात सुरेख जमलेत ते प्राचीन हिमनद्या कुठून कुठे सरकल्या हे दाखवणारे बाण. ब्राझीलचा तुकडा सुटा ठेवला तर बाण थेट समुद्रातून जमिनीवर चढताना दिसतात. बर्फ समुद्रातून वर येईल कसा? तोच तुकडा आफ्रिकेला भिडवा, बाणांचा उगम आफ्रिकेत सापडतो. इथे वर्ग एकदम गप्प होतो. मग मी सांगतो की, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच हिमयुगाचे ओरखडे आपल्या पैनगंगेकाठी इरईजवळच्या खडकावर आहेत आणि ते 1875 सालीच नोंदले गेलेत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या पोरांना हे ऐकून काय वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

आता उणिवा. तुकडे आजच्या किनाऱ्यावर कापलेत, म्हणून मध्ये फटी राहतात आणि शंकेखोर मुलगा लगेच बोट ठेवतो. खंडाची खरी कड पाण्याखाली, समुद्रबूड जमिनीच्या उतारावर असते. बुलार्ड हा भूभौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये संगणकावर जुळणी केली ती सुमारे 900 मीटर खोलीवरची कड धरून, आणि ती फार नेटकी बसली. कोडं तसंच कापायला हवं होतं.

त्याहून मोठी उणीव माहितीपत्रकाची. ते खंड सरकतात असं मांडणाऱ्या वेगेनरपाशीच संपतं. पोरं हमखास विचारतात, “पण सर, ढकललं कोणी?” याच प्रश्नावर वेगेनरचं म्हणणं अडलं होतं, आणि समाधानकारक उत्तर न मिळताच 1930 मध्ये तो ग्रीनलंडमध्ये वारला. उत्तराची वाट सापडली ती समुद्राच्या तळाशी. हेस या भूशास्त्रज्ञाने 1962 मध्ये तळ पसरतोय असं मांडलं. 1963 मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरी पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला: नवा तळ तयार होताना पृथ्वीच्या उलटसुलट होणाऱ्या चुंबकत्वाची नोंद खडकात राहते. मी दोन बाकं जवळ आणून फटीतून कागदाच्या दोन पट्ट्या वर ओढतो आणि बाहेर येईल तसतसे स्केचपेनने पट्टे काढत जातो. दोन्हीकडे तेच पट्टे, त्याच क्रमाने. एवढा कागद निर्मात्यांनी खोक्यात सहज घालावा.

शाळेसाठी जरूर घ्या. घरी मुलाला देणार असाल तर पत्रकाच्या भरवशावर सोडू नका, सोबत बसा.