फुकटच्या वाळवंटाचं भाडं

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या क्वार्ट्झसाइट गावाच्या आसपास बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या केंद्रीय खात्याची हजारो एकर मोकळी जमीन आहे. डोम रॉक, प्लोमोसा रोड, हाय जॉली अशा तिथल्या ठिकाणी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, लावून राहायला काही पैसे पडत नाहीत. 28 दिवसांच्या काळात 14 दिवस राहायचं, मग हलायचं, एवढाच मुख्य नियम. याच जमिनीसाठी आमच्याकडून 'साइट परमिट' म्हणून ट्रेलरमागे रात्रीला 65 डॉलर घेतले गेले. आणि एकूण हिशोबात ती रक्कम किरकोळच निघाली.

आम्ही फीनिक्सकडची चार मराठी कुटुंबं. संक्रांतीला लागून मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी येते, तेव्हा वाळवंटात चांदण्याखाली राहायचं ठरलं होतं. सोबत सांगलीहून आलेले एका मित्राचे आईवडील. आरव्ही कुणाकडेच नव्हती. अशा वेळी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात दिसली: ट्रेलर जागेवर आणून लावून देऊ, पाणी भरून देऊ, वीज सोलरची, दोनशे अँपअवरची (बॅटरीत किती वीज मावते याचं माप) लिथियम बॅटरी, तुम्ही फक्त या. जाहिरात देणारे गृहस्थ फोनवर मराठीतच बोलायचे. "अहो दादा, काकूंना थंडी वाजली तर मला फोन करा." त्यांचे ट्रेलर भाड्याच्या एका मोठ्या प्लॅटफॉर्मवरही होते, पण "तिथून बुक केलंत तर त्यांचं कमिशन तुमच्याच डोक्यावर बसेल, झेलनं पाठवा" असं त्यांनी सुचवलं. प्लॅटफॉर्मबाहेर व्यवहार झाला की प्लॅटफॉर्मचा विमा नाही, रस्त्यात मदत नाही, तक्रारीला दारही नाही. झेल म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सेवा; तिच्यातून आपण स्वतः पाठवलेले पैसे रोख दिल्यासारखेच. बँक ते सहसा परत मिळवून देत नाही. क्रेडिट कार्ड असतं तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत हरकत घेता येते. झेलचा आग्रह कशासाठी होता, ते यावरून कळतं.

जायच्या आधी त्यांच्या आवारात ट्रेलर बघायला बोलावलं होतं. दिवे झगझगीत, हीटर गरम, भिंतीवरच्या पॅनलवर बॅटरी 'फुल'. इथे मी जरा थांबून लिहितो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. ट्रेलर तेव्हा आवारातल्या विजेला जोडलेला होता. केबल लावलेली असली की आतला कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बॅटरीला साडेतेरा व्होल्टच्या आसपास देत राहतो, त्यामुळे बॅटरी मरायला टेकलेली असली तरी पॅनल भरलेलीच दाखवतो. खरी परीक्षा केबल काढल्यावर. अर्धा तास जाऊ द्यावा, मग हीटर लावून आकडा बघावा. चांगली लिथियम तेराच्या वर टिकते. साधी लेड-ॲसिड पूर्ण भरलेली असेल तर काही न लावता 12.6 ते 12.7 दाखवते आणि बाराच्या आसपास आली की निम्म्याहून जास्त संपलेली असते. "जरा केबल काढा हो" म्हटल्यावर मालक काय कारण सांगतो, त्यावरूनही पुष्कळ समजतं. बॅटरीची पेटी बहुधा पुढच्या बाजूला, ट्रेलर ओढायच्या दांड्यावरच असते. झाकण उघडायला मिनिटही लागत नाही, आणि लेबल वाचता येतं.

आम्ही ते लेबल वाचलं रात्री, टॉर्चच्या उजेडात. लिथियम कुठली, शंभर अँपअवरची जुनी लेड-ॲसिड होती. तिच्यातली निम्मीच वीज सुखाने वापरता येते, म्हणजे पन्नास. हीटर प्रोपेन गॅसवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सात-आठ अँप ओढतो. जानेवारीच्या रात्री तो निम्मा वेळ जरी फिरला तरी सकाळपर्यंत पन्नास संपतात. छतावरचं शंभर वॅटचं आडवं पॅनल त्या छोट्या दिवसात वीसेक अँपअवर भरून देईल, फार तर. बॅटरी नवी असती तरी हे गणित बसलं नसतं. पहाटेच्या आधीच पंखा घरघरून बंद पडला. काकूंनी दोन स्वेटर, शाल आणि आणलेली गोधडी असं सगळं पांघरलं आणि काकांना म्हणाल्या, "सांगलीत याहून बरी थंडी असते, आणि तीही फुकट."

फोन केला, तर गृहस्थांचा आवाज तसाच गोड. "जनरेटर पाठवतो ना दादा, भाडं वेगळं." त्या भाड्याचा आकडा ऐकून आमच्यातला सीए हसला. मग गावातल्या एका दुकानातून आम्हीच जनरेटर आणला. जानेवारीत तिथे मोठा आरव्ही मेळा भरतो, त्यामुळे गावात सगळं मिळतं. तोवर दुसरा घोळ उघडकीस आला: भांडी घासल्यावर सिंकचं पाणी उतरेना. सांडपाण्याची टाकी आधीच्या गिऱ्हाइकाने भरलेली तशीच आली होती. ती उपसायला येणाऱ्या गाडीचे पैसेही आमच्याच यादीत, "ऑन-साइट सर्व्हिस" म्हणून. ट्रेलर ताब्यात घेताना टाक्या रिकाम्या आहेत याचा मालकासमोर व्हिडिओ काढावा. पॅनलवरच्या टाकीच्या दिव्यांवर मात्र जाऊ नये. जुन्या ट्रेलरमध्ये टाकीतले सेन्सर घाणीने माखून काहीही दाखवतात.

परमिटचा उलगडा कॅम्प होस्टने, म्हणजे बीएलएमतर्फे त्या जागेची देखरेख करणाऱ्याने केला. पांढऱ्या दाढीचे आजोबा, गोल्फ कार्टमधून आले. आम्ही प्रिंट काढून खिडकीला लावलेला, बीएलएमचं चिन्ह असलेला कागद त्यांनी वाचला आणि विचारलं, हे कुणी विकलं? मग नाव आणि गाडीचा नंबर लिहून घेऊन स्वतःची चिठ्ठी दिली, विनामूल्य. त्यांच्याकडून कळलेली गोष्ट अशी: गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा भाग आहे, तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामासाठी परवाना खरोखर विकत घ्यावा लागतो. म्हणून थाप खपते. कुणी इंटरनेटवर शोधलं तर 'क्वार्ट्झसाइट, परमिट, शुल्क' असं काहीतरी सापडतंच. उलट, सरकारी जमिनीवर ट्रेलर लावून देण्याचा धंदा करायचा असेल तर धंदेवाल्यालाच बीएलएमचा विशेष परवाना काढावा लागतो. तो आमच्या ट्रेलरवाल्या गृहस्थांकडे आहे का, हे विचारल्यावर त्यांचं फोन उचलणं बंद झालं.

डिपॉझिटही गेलंच. सायबान फाटल्याचा एक फोटो आला, पण आमच्या कुठल्याच ट्रेलरला तसल्या रंगाचं सायबान नव्हतं.

एफटीसी (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं केंद्रीय खातं) आणि ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रारी नोंदवल्या आहेत. डिपॉझिटसाठी जस्टिस कोर्टाच्या स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमांचे दावे) विभागात दावा टाकलाय. तिथे वकील लागत नाही, हे बरं. फीनिक्स, टूसॉनकडच्या ग्रुपवर हीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने फिरते आहे. या माणसाकडून कुणी ट्रेलर घेतला असेल तर परमिटचा कागद फेकू नका, वरच्या कोपऱ्यातला नंबर बघून आम्हाला कळवा. आमच्या सगळ्या ट्रेलरच्या कागदांवर एकच नंबर आहे.